चुलीत गेलेली चंची

काकू, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. वय ४६. दहावी झाल्यापासून तंबाखू खातात, दिवसाला तीन पुड्या लागतात. गेल्या जूनमध्ये दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि ‘तंबाखू बंद करा, महिन्यानं परत दाखवायला या’ म्हणाले. हे परत गेलेच नाहीत. मी भांडून बघितलं, बोलणं बंद करून बघितलं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. शपथ सहा दिवस टिकली. दोनदा त्यांची तंबाखूची चंची चुलीत घातली. त्यातली एक त्यांच्या आईनं शिवलेली होती. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलतात.

आमच्या शेजारच्या भाऊजींनी चार वर्षांपूर्वी माळ घातली आणि रोजची दारू एका दिवसात सुटली. आमच्या ह्यांनासुद्धा गावच्या सप्ताहात विण्याचा पहारा असतो, तेव्हा तीन-तीन तास तोंडात काही लागत नाही. म्हणजे देवापुढं जमतं, आमच्यासाठी जमत नाही. मुलगी नववीला आहे. पिचकारी अंगावर उडते म्हणून ती त्यांच्या गाडीवर मागं बसत नाही. माणूस कशानं बदलतो, काकू? मी करायचं काय राहिलंय?

— एक वाचक, खानापूर तालुका

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चंचीपाशी थांबले. तुम्ही ते दोन ओळींत लिहून पुढं गेलात, पण पत्रातली सगळ्यात जड गोष्ट तीच आहे. तुमच्या लेखी तुम्ही तंबाखू जाळलीत. त्यांच्या लेखी आईच्या हातची शिवण जळली. त्या दिवसापासून तंबाखू हा प्रश्नच बाजूला पडला. आता त्यांनी ती सोडली तर तुम्ही जिंकलात असं होणार, आणि न सोडण्यात निदान त्यांचा मान तरी शिल्लक राहतो. कामापुरतं बोलणारा माणूस हेच तर सांगत असतो.

म्हणून बाकी काही करण्याआधी चंचीबद्दल माफी मागा. ‘पण तुम्हीच तशी वेळ आणलीत’ हे शेपूट न जोडता. माफी मागितल्यावर तंबाखूचा विषयही काढायचा नाही, त्या दिवशी नाहीच. अवघड आहे, मला ठाऊक आहे. तुम्ही वीस वर्षं सोसलंय, आणि माफी तुम्हीच मागायची! पण तुम्ही मला न्याय विचारलेला नाही, उपाय विचारलाय.

ढकललं की माणूस टाच रोवतो, हे मी स्वतःवरून सांगते. आमचं घर वडगावचं. बेळगाव महाराष्ट्रात गेलं नाही म्हणून १ नोव्हेंबरला आमच्याकडं काळा दिवस पाळायचे, वडील सायकल फेरीला जायचे. घरात कुणी न सांगितलेला एक नियम होता: कन्नड कानावर पडली तर पडू दे, पाटीवर यायची नाही. बाजारापुरती बोलता येतच होती. बेळगावात कुणाला येत नाही? पण अक्षरं मी शिकले नाही ती नाहीच. पतपेढीच्या काउंटरवर तीस वर्षं काढली, कन्नडमधला कागद आला की शेजारच्या टेबलावर सरकवायची. साहेब बोलले, टोमणे ऐकले, पाटी न वाचताच बसमध्ये चढले म्हणून दोनदा भलत्याच गावाला जाऊन आले. मुलगा पाच वर्षं मागं लागला होता, ‘आई, शिकून घे की आता.’ त्यानं म्हटलं की माझं डोकं आणखी घट्ट व्हायचं.

मग सून आली बैलहोंगलची. तिनं एकदाही ‘शिका’ म्हटलं नाही. नात झाली, तीन वर्षांची झाली आणि एका दुपारी गोष्टीचं पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. ‘अज्जी, हेळु,’ म्हणाली, म्हणजे ‘आजी, सांग’. पुस्तक कन्नड. मी चित्रं बघून काहीतरी रचून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तेच पुस्तक आणलं आणि माझी गोष्ट काही कालच्यासारखी निघेना. पोर पुस्तकाकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची. त्या पावसाळ्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी जेवणाच्या टेबलावर बसून कन्नडची बाराखडी गिरवली. त्यांच्यात तिला कागुणित म्हणतात. गणपतीपर्यंत ते पुस्तक मला वाचता यायला लागलं. सीमाप्रश्नावर १९५६ साली आमच्या वडिलांचं जे मत होतं तेच माझं आजही आहे. ते बदला असं सूनबाई कधी म्हणाली नाही. बहुतेक म्हणूनच अक्षरं शिकायला मी मोकळी झाले.

मुलगा चुकीचं सांगत होता का? अगदी बरोबर सांगत होता. म्हणूनच तर जास्त राग यायचा.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत. दारू पिणाऱ्यांशी कसं बोलावं यावर त्यांनी बरंच काम केलं. १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट मांडली: समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितका समोरचा माणूस वर्षभरानंतर जास्त पिताना आढळला. त्यांचं म्हणणं आपल्या घरच्या भाषेत सांगायचं तर असं. व्यसन असलेल्या माणसाच्या मनात सोडावं आणि सोडू नये, अशा दोन्ही बाजू आधीपासूनच भांडत असतात. तुम्ही ‘सोडा’ची बाजू घेतलीत की त्यांच्या वाट्याला दुसरी बाजू उरते. मग तीच रोज तोंडानं मांडून मांडून पक्की होते. ‘फौंड्रीत धूळ असते, बार भरला की घसा कोरडा पडत नाही.’ ‘आमचा आज्जा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होता.’ ही वाक्यं तुम्हाला पाठ असतील. ती त्यांना पाठ करून द्यायला तुमचा हातभार लागलाय, वाईट वाटून घेऊ नका.

भीतीचंही तसंच. चट्टा दाखवल्यावर माणूस घाबरून सोडेल असं तुम्हाला वाटलं. कुणालाही वाटेल. पण पुडीकडं एकदा नीट बघा. २०१६ पासून तिच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या तोंडाचं चित्र आणि इशारा छापावा लागतो. तुमचे यजमान ते चित्र दिवसातून किती वेळा बघत असतील! भीती कमी पडतेय असं नाही. भ्यालेल्या माणसाला पुढं जायला वाट दिसली नाही की तो तोंड फिरवतो. महिना झाला तरी डॉक्टरकडं परत न जाणं हा माझ्या मते निष्काळजीपणा नाही, ते घाबरलेत. चट्टा कसला आहे हे कळलंच नाही तर तो नसल्यासारखाच, असा तो हिशेब असतो.

यावरचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं वाचायला दिली. काहींची साधी, काहींची अंगावर काटा आणणारी. काटा आणणारी वाचलेल्यांनी ‘लस घ्यायलाच पाहिजे’ असं जास्त जोरात सांगितलं. पण सुई टोचून घ्यायला गेले कोण? ज्यांना माहितीपत्रकाबरोबर दवाखान्याची खूण केलेला नकाशा दिला होता, आणि तुमच्या तासांमध्ये कधी वेळ मिळेल ते बघून ठेवा असं सांगितलं होतं, त्यांच्यातले २८ टक्के गेले. नकाशा न मिळालेल्यांतले फक्त ३ टक्के. विद्यार्थी तिथलेच होते, दवाखाना कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच! कमी होता तो वार आणि वेळ.

तेव्हा चट्ट्याचं आधी बघा. तंबाखू सुटो न सुटो, तो चट्टा डॉक्टरांनी तपासलाच पाहिजे, यात मी तडजोड सांगणार नाही. तंबाखू जिथं दाबून धरतात तिथले असे चट्टे ती बंद केल्यावर बऱ्याचदा काही आठवड्यांत कमी होतात, पण सगळे होत नाहीत. कुठला कसा आहे हे बघून सांगणं तुमचं-माझं काम नव्हे. ‘कधी जाणार आहात?’ असं विचारू नका. ‘सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाची वेळ घेऊ का, मी बरोबर येते, येताना गणपत गल्लीत मुलीचं सामान घ्यायचंच आहे,’ असं विचारा. दवाखान्यात तुम्ही बोलायचं नाही. डॉक्टरांपुढं त्यांच्या पुड्या मोजून दाखवायच्या नाहीत.

आता विण्याकडं येते. तुमच्या पत्रातलं सोनं तिथं आहे, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय.

‘देवापुढं जमतं, आमच्यासाठी जमत नाही.’ ताई, तिथं नेमकं काय होतं ते बघूया. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तुमचे यजमान तीन तास उभे असतात. तलफ येत नसेल? दहावीपासून खाणाऱ्या माणसाला यायचीच. पण हात गुंतलेले असतात, तोंडात नाम असतं, मुदत तीन तासांची असते, जन्माची नसते. पुढचा पहारेकरी यायचाय हे माहीत असतं. त्यांच्या तोंडाकडं कुणी टक लावून बसलेलं नसतं. हा माणूस वीणा नीट सांभाळणार, हे गावानं धरूनच चाललेलं असतं. तिथं कुणी त्यांना तंबाखू सोड म्हटलेलं नाही. वीणा धर म्हटलंय.

घरात आपण त्यांच्या हातात काय दिलं? शपथ दिली. शपथेला मुदत नसते. ती एका बारानं मोडते, आणि मोडली की माणूस नुसता चुकत नाही, पापी होतो. त्यातून मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली! सातव्या दिवशी बार भरला तेव्हा तुमच्या यजमानांच्या मनात काय झालं असेल? मुलीचं वाईट चिंतल्यासारखं वाटलं असेल. तसं वाटणारा माणूस उद्या पुन्हा प्रयत्न करत नाही, लपवायला शिकतो. सहा दिवस राहिले होते, ताई! तीस वर्षांच्या सवयीनंतर सहा दिवस. नेहमीचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, ते त्यांनी पार केले होते. कुणी त्यांना म्हटलं का, ‘सहा दिवस कसे काढलेत ते सांगा’?

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवय कशी लागते याचा अभ्यास केला. जेवणानंतर फळ खायचं, थोडं चालायचं, असल्या साध्या सवयी. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरणार तर कुणाला २५४ लागणार, असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. सवय लावणं आणि व्यसन सोडवणं सारखं नव्हे, ते जास्त अवघड. पण एका चुकलेल्या दिवसावर सगळं संपलं असं शिक्कामोर्तब करायची घाई करू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

शेजारच्या भाऊजींची दारू ‘एका दिवसात’ सुटली, हे तुम्हाला कुंपणापलीकडून दिसलं. त्यांच्या बायकोला विचारा. माळ गळ्यात एका दिवसात पडते हे खरं. त्याआधी तो माणूस वर्ष-दोन वर्षं मनात घोळवत असतो, एखादी एकादशी धरून बघतो, दोनदा पंढरपूरच्या वाटेवरनं परत फिरलेला असतो. सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ साली हेच मांडलं: माणूस टप्प्याटप्प्यानं बदलतो, खाली घसरतो, परत चढतो. गावाला फक्त शेवटची पायरी दिसते.

पण माळेत ताकद आहे, ते नाकारणार नाही. खानापूर भागात कितीतरी घरं मी माळेनं सावरलेली बघितली आहेत. कशानं सावरली? माळेला एक दिवस ठरलेला असतो. ती कुणाच्या तरी हातून पडते. सगळ्या गावाला दिसते. लग्नात तुमची पंगत वेगळी बसते. जुने दोस्त संध्याकाळी हाक मारायचे बंद होतात, कारण आता तुम्ही ‘माळकरी’ झालात, नावच बदललं. आणि ज्या तासाला गुत्त्याकडं पाय वळायचे, त्याच तासाला देवळात हरिपाठ असतो, चार माणसं वाट बघत असतात, एखादा दिवस नाही गेलात तर घरी विचारायला येतात. मनातलं वारं पडलं तरी ही चार माणसं राहतात. शिवाय दर वर्षी वारी, म्हणजे दर वर्षी नव्यानं ठरवणं.

आणि गंमत सांगू का? माळकऱ्यांत तंबाखू मळणारे मी किती तरी पाहिलेत. दिंडी विसाव्याला टेकली की चंच्या सुटतात. मटण नाही, दारू नाही, तंबाखू मात्र चालते! कारण तेवढं कुणी ठरवलेलं नाही. तेव्हा तुमच्या यजमानांना माळ घालायला लावायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. तुम्ही घालायला लावलेली माळ म्हणजे दुसरी शपथ.

त्यांना लाज आणून उपयोग नाही, हेही सांगते. आपल्या जिल्ह्यात तंबाखू ही लाज नव्हती, पीक होतं. निपाणीकडची कितीतरी घरं तंबाखूवर आणि विड्यांवर जगली. १९८१ साली भावासाठी तंबाखूवाले शेतकरी शरद जोशींबरोबर हायवेवर बसले होते. आमच्या लहानपणी पाहुण्याला पाण्यानंतर पानाचं तबक पुढं केलं जायचं, त्यात तंबाखू असायचीच. ज्या गोष्टीनं माणूस मोठ्यांच्या पंगतीत बसायला लागला, ती त्याच्या तोंडात सापडली म्हणून त्याला गुन्हेगार ठरवलं की तो ऐकायचं बंद करतो. आणि मन नसतं असंही नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत खायची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी सोडायचं मनात आहे असं सांगितलं. तुमच्या यजमानांच्याही मनात असेल. ते बाहेर काढायचंय, आत कोंबायचं नाही.

कसं काढायचं? चंचीची माफी मागून दोन-चार आठवडे गेल्यावर, घरात पुन्हा साधं बोलणं सुरू झाल्यावर, एखाद्या निवांत रात्री विचारा. मिलर यांच्या पद्धतीतला एक प्रश्न आहे, मी त्याला आपला मापदंड लावते.

‘रुपयातलं किती आणे वाटतं, तंबाखू सुटावी म्हणून?’

ते हसतील, नाहीतर चिडतील. समजा म्हणाले, ‘चार आणे.’

आता इथं तुमची परीक्षा आहे. ‘फक्त चार आणे?’ असं तोंडातून आलं तर पुन्हा जुनं भांडण. उलट विचारायचं: ‘चार तरी कशासाठी वो? एक आणाही नाही, असं का नाही म्हणालात?’

मग जे येईल ते ऐकायचं. त्या चार आण्यांत काय निघेल हे मी सांगू शकत नाही. गालाची भीती निघेल, कदाचित पैसे निघतील. कदाचित मुलगी गाडीवर मागं बसत नाही, बसनं जाते, हे निघेल. तसं निघालं तर तुम्ही त्यात भर घालू नका. ‘बघा, मी सांगत नव्हते?’ हे वाक्य त्या रात्रीपुरतं विहिरीत टाका. मला ज्या पुस्तकानं बदललं ते माझ्या मांडीवर कुणी आणून ठेवलं नव्हतं, पोर स्वतः घेऊन आली होती. मुलीला मधे घालून ‘बाबांना तूच सांग’ असं करू नका. नववीतल्या पोरीवर ते ओझं टाकायचं नसतं, आणि तिचं न बसणं जे सांगतंय ते त्यांना ऐकू येत असणारच.

त्यांनी ठरवलं, तर पुढचं व्यवहाराचं आहे, भराभर सांगते. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं होतं, पुढचे दोन-चार आठवडे हळूहळू उतरतं. त्या काळातलं बोलणं मनावर घेऊ नका. एका तलफेचा जोर काही मिनिटांचा असतो, तेवढी टळायला हवी. दिवसातला कुठला बार सगळ्यात अवघड, जेवणानंतरचा की शिफ्टला शिरतानाचा, आणि त्या वेळी दुसरं काय करायचं, हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, पण ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं, थोडं चावून गालात धरायचं असतं. किती आणि कसं, ते डॉक्टरांना विचारूनच. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फुकट नंबर आहे. कुठं शोधायला नको, त्यांच्या पुडीवरच छापलेला असतो. रोज तीनदा खिशात घालतात तो. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवायला मदत करणारा कक्ष असतो, तिथंही विचारता येईल.

तुम्ही मात्र एक वेगळं करू शकता, आणि ते केलंच पाहिजे असं माझं मत आहे. घराचे नियम वेगळे आणि त्यांचा बदल वेगळा. बेसिनमध्ये थुंकायचं नाही, मुलगी गाडीवर असेल तेव्हा तोंडात बार नाही, हे तुम्ही शांतपणे, एकदाच आणि ठामपणे सांगू शकता. तो तुमचा आणि मुलीचा हक्क आहे. त्यासाठी त्यांनी तंबाखू सोडायची गरज नाही, तेव्हा त्यात मान-अपमानाचं भांडणही कमी. फौजदारकी मात्र सोडा. खिसे तपासणं, पुड्या मोजणं, तोंडाचा वास घेणं. ती नोकरी तुम्ही इतकी वर्षं बिनपगारी केलीत.

आणि एवढं सगळं करूनही ते सोडतीलच असं मी लिहून देणार नाही. चार आण्यांचे सहा आणे व्हायला वर्ष लागेल. कदाचित आठ आण्यांवर अडून बसतील. ‘मी करायचं काय राहिलंय’ असं तुम्ही विचारलंत, त्यात मला एक भीती दिसली. उद्या काही झालं तर मी कमी पडले असं तुम्ही म्हणाल. नका म्हणू. तुम्ही जरा जास्तच केलंत, झालं असेल तर हेच.

आता शेवटचं, चंचीबद्दलच. सासूबाईंचं एखादं जुनं लुगडं किंवा चोळीचा खण घरात असेल तर माफी मागताना तो जवळ असू द्या. ‘ह्याची दुसरी शिवू का?’ एवढं विचारा. त्यात तंबाखू घालायची की लवंग-बडीशेप, ते बोलायचं नाही. ‘शीव’ म्हणाले तर शिवा, कप्पे मोजून, नाडी लावून, चांगली शिवा. ‘नको’ म्हणाले तर तो खण घडी घालून परत ट्रंकेत ठेवा.

तुमची,
काकू